रस्ता नसण्याची हौस

ऑफ-रोडिंगला मराठीत नेमका शब्द नाही याचं मला पूर्वी नवल वाटायचं. आता वाटत नाही. जी गोष्ट रोजच करावी लागते तिला वेगळं नाव कोण ठेवतं? आमच्या वालूरला पावसाळ्यात शेतात जाऊन येणं याला ‘शेतात जाऊन येणं’ एवढंच म्हणायचे. बैलगाडी आखापर्यंत चिखलात रुतायची, दोघं-तिघं चाकाला खांदा लावायचे, बैलांच्या नावाने आरोळ्या व्हायच्या आणि घरी आल्यावर कुणी त्याचं कौतुक सांगत बसायचं नाही. पाय धुवायचे नि जेवायला बसायचं.

आता मात्र ही हौसेची गोष्ट झाली आहे. ज्या नातेवाइकांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी घ्यायची, मित्र जमवायचे आणि जिथे रस्ता नाही किंवा असून नसल्यासारखा आहे अशा दगडाधोंड्यांतून, ओढ्यांतून, डोंगरावरून ती चालवायची. पुण्या-मुंबईकडे याचे गट आहेत. इगतपुरीला महिंद्रची शिकवणीची जागा आहे. २०२० साली ‘थार’ नव्या रूपात आली तेव्हापासून तर ही हौस आमच्या परभणी जिल्ह्यातही पोचली. ज्यांच्या शेताला धड पाणंद नाही अशांच्या दारातही ती गाडी उभी दिसते. (त्यांना निदान तिचा उपयोग तरी आहे!)

हौसेला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. म्हातारपणी माणसाने तरुणांच्या हौसेला नाक मुरडणं याच्याइतकं सोपं काम नाही. शिवाय या हौसेची चव मी स्वतः घेतली आहे आणि मला ती आवडलीही. पण त्या सहलीत एक वाक्य कानावर पडलं, ते आजतागायत डोक्यातून जात नाही. त्या वाक्याशी माझं भांडण आहे.

पण त्याआधी थोडं मागे जातो.

आमच्या लहानपणी जीप म्हणजे तहसीलदाराची, नाहीतर निवडणुकीची. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात बनवलेली ही गाडी. महिंद्र कंपनी १९४५ साली निघाली आणि १९४७ पासून ती आपल्याकडे या जीपची जोडणी करू लागली, हे मी फार पुढे वाचलं. आम्हाला एवढंच माहीत की जिथे एसटी येत नाही तिथे जीप येते. नंतर काळी-पिवळी आली. आत बसलेले, मागे लटकलेले आणि टपावरचे धरून वीस-बावीस माणसं. सेलू स्टेशनवर उतरलेला पाहुणा गावात पोचेपर्यंत अर्धा ओळखू येत नसे, एवढी धूळ. आणि पावसाळ्यात धुळीच्या जागी चिखल.

काळ्या मातीचा चिखल ज्याने तुडवला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. चप्पल हातात घ्यायची, पायाला शेर-शेर माती चिकटलेली, चार पावलं टाकली की काठीने ती खरवडायची. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरून शाळेला येणारी मुलं पायांना चिखलाचे बूट चढवून यायची. जुलै-ऑगस्टात हजेरीपट मांडला की कोणत्या वाटेवर पाऊस झाला ते गैरहजेरीवरून सांगता यायचं. विशेषतः मुलींच्या. मुलगा कसाही येतो, मुलीला घरचे म्हणतात, राहू दे आजच्या दिवस. असे ‘आजचे दिवस’ साठत जातात आणि एक दिवस तिचं नाव हजेरीपटातून कमी होतं. रस्त्याचा आणि शिक्षणाचा संबंध मला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

रस्ते कसे झाले तेही पाहिलं आहे. १९७२ च्या दुष्काळात गावोगावची माणसं खडी फोडायला बसली. बायका लेकरांना झाडाच्या सावलीला निजवून हातोडीने दगड फोडायच्या. मिलो नावाचा लाल जोंधळा खायचा, सुकडी खायची आणि दिवसभर दगड फोडायचे. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मराठवाड्यातले कितीतरी रस्ते त्या खडीवर उभे आहेत. म्हणून आमच्या पिढीला रस्ता म्हणजे उपाशी पोटाने केलेली वस्तू वाटते. ती नसावी असं कुणी म्हटलं की आमचे कान टवकारतात.

आता सहलीकडे येतो. जानेवारी २०१८ मध्ये आम्ही चार मित्र पुण्याला गेलो होतो. तिघं शिक्षक आणि चौथा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला. एका मित्राचा मुलगा पुण्यात नोकरीला. तो अशा एका गटाबरोबर लोणावळ्याहून राजमाचीला निघाला होता. “काका, चला, तुम्हाला मजा दाखवतो,” म्हणाला. आमची हाडं खिळखिळी होतील म्हणून सूनबाईंनी विरोध केला, पण आम्ही ऐकतो कशाला!

राजमाची हा लोणावळ्याच्या उत्तरेचा किल्ला. त्याला दोन बालेकिल्ले आहेत, श्रीवर्धन आणि मनरंजन. दोन्हींच्या पायथ्याशी उधेवाडी नावाचं लहानसं गाव. जुन्या काळी बोरघाटाच्या व्यापारी वाटेवर इथून नजर ठेवली जायची. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे गावापर्यंतची वाट पंधरा-सोळा किलोमीटरची. सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटांचं काम. आम्हाला दोन तास लागले.

पाच गाड्या होत्या. डांबरी संपल्यावर सगळे थांबले आणि पोरांनी चाकांतली हवा कमी केली. तीसच्या वरची हवा वीस-बावीसवर आणली. का, म्हणून विचारलं, तर म्हणाले टायर जरा बसकं झालं की दगडाला जास्त जागेवर धरून राहतं. मग एक छोटा दांडा ओढला आणि गाडी ‘लो’मध्ये घातली. म्हणजे इंजिन जोरात फिरतं, पण चाकं अगदी सावकाश. ताकद वाढते, वेग मरतो. औताच्या बैलासारखं! शर्यतीचा बैल तिथे कामाचा नाही.

एका ठिकाणी पाण्याने वाट कापून खोल चर पडला होता. आमच्या गाडीचं मागचं एक चाक हवेत लोंबकळलं आणि गरगर फिरू लागलं. गाडी जागची हलेना. पोराने समजावलं ते शिकवण्यासारखं होतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा एक भाग मध्ये बसवलेला असतो, डिफरन्शियल. सपाटीवर तो उपकार करतो, पण एक चाक हवेत गेलं की सगळं फिरणं तिकडेच पळतं आणि जमिनीवरचं चाक बिचारं उभं राहतं. मग त्या भागाला कुलूप लावायची सोय असते, की दोन्ही चाकं बरोबरच फिरली पाहिजेत. ती सोय असलेली गाडी पुढे होती. तिने पट्टा लावून आम्हाला हलकेच ओढून काढलं. मी म्हटलं, वर्गातही हेच होतं. जो आधीच हवेत असतो त्याच्यामागे सगळी शक्ती जाते आणि जमिनीवर उभा असलेला मागे राहतो. मित्र म्हणाले, “सर, इथं तरी शाळा नको.”

उतारावर पोरगं ब्रेकवर पाय ठेवत नव्हतं. पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं, म्हणाला. तेव्हा आमचा एसटीवाला मित्र पहिल्यांदा बोलला. “ह्येच तर आमाला पहिल्या दिशी शिकवलं व्हतं. ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर.” मग जरा वेळाने खिडकीबाहेर बघत म्हणाला, “ह्याला रस्ता न्हाई म्हणतेत व्हय? जिंतूरकडच्या डोंगरात अशा वाटेनं आमी लाल गाडी नेलीय. पन्नास माणसं आन टपावर कोंबड्या.”

पोरं हसली, पण त्यांनी त्याला पुढच्या सीटवर बसवलं. हा त्यांचा मोठेपणा.

मजा आली हे मी आधीच म्हटलं. गाडी सावकाश एकेका दगडावर चढते, डुलते, क्षणभर थांबते, पुढचा माणूस पायी चालत हाताने खुणा करतो, थोडं डावीकडे, थोडं अजून... आणि पाच गाड्यांतली पंधरा-सोळा माणसं एकमेकांसाठी थांबतात. शहरात हॉर्न वाजवणारी हीच मंडळी इथे अर्धा-अर्धा तास दुसऱ्याची गाडी निघेपर्यंत उभी राहतात. दोन्ही बाजूंना जंगल, मधूनच दरी, जानेवारीतलं मऊ ऊन. आणि दगड तर आमचाच! पश्चिम घाटातला हा काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा लाव्हा. तोच लाव्हा पार मराठवाड्यापर्यंत पसरलेला आहे. तो झिजून-कुजून जी माती झाली ती आमची काळी. म्हणजे राजमाचीला ज्या दगडावर गाडी चढवायची हौस, त्याच दगडाच्या चिखलात आमच्या पोरींची शाळा सुटली.

दुपारी उधेवाडीत एका घरी जेवलो. पिठलं, भाकरी, ठेचा. या गावात घरोघरी अशी सोय करतात आणि त्यावर त्यांचे चार पैसे सुटतात. वाढणाऱ्या आजी माझ्याच वयाच्या. मी विचारलं, “पावसाळ्यात कसं करता?” त्या म्हणाल्या, “चालायचं. खाली कोंडिवड्याला उतरायचं नायतर लोणावळ्याला चालायचं.” आजारी पडलं तर? “उचलून न्यायचं.” एवढंच. स्वर अगदी ‘मीठ वाढू का’ विचारावं तसा. मी म्हटलं, रस्ता व्हायला पाहिजे हो. त्या म्हणाल्या, “व्हायला पाहिजे तर हायेच. पर ही गाड्यावाली पोरं म्हनतात, रस्ता झाला तर आमी येनार नाय.” आणि हसल्या.

जेवण झाल्यावर दोघं मित्र खिंडीतल्या भैरवनाथाच्या देवळाशी बसले, मी आणि एसटीवाला श्रीवर्धनवर चढलो. दम लागला, पण वरून जे दिसतं त्याला तोड नाही. ढाकचा डोंगर, नागफणी, पलीकडे माथेरान. या मुलखातून बोरघाटात १८३० साली गाडीरस्ता झाला, १८६३ साली रेल्वे चढली, २००२ साली पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग पुरा झाला. दोनशे वर्षं देशातले मोठेमोठे रस्ते या गावाच्या शेजारून गेले. गावात मात्र आम्ही आलो ते चाकं हवेत लोंबकळवत.

परतताना एका थांब्यावर चहा झाला तेव्हा ते वाक्य ऐकलं. एक हुशार, सज्जन मुलगा, बोलायला अगदी गोड, सगळ्यांना बिस्किटं देत म्हणाला, “ही वाट अशीच राहायला हवी. डांबर टाकलं की संपलं सगळं.” बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मंडळी, माझं भांडण या वाक्याशी आहे. त्या मुलाशी नाही. तो दुष्ट नव्हता आणि त्याच्या म्हणण्यात काही तथ्यही होतं, त्याकडे येतोच. पण ज्या वाटेने आपण वर्षातून एकदा मौजेसाठी जातो ती वाट ‘अशीच’ राहावी की नाही, यावर आपलं मत कुणी विचारलं आहे? ज्याला त्याच वाटेने आईला उचलून न्यायचं आहे त्याचं मत आधी. माझ्या मते, आधीच कशाला, त्याचंच मत. दुसऱ्याच्या अडचणीत आपल्याला सौंदर्य दिसलं म्हणून ती अडचण जपून ठेवा असं सांगायचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

एसटीवाल्या मित्राने तिथल्या तिथे विचारलं, “तुमच्या सोसायटीचा रस्ता उखडून ठिवायचा का असा? रोज मजा यील.” सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

आता त्या मुलाच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू नीट मांडल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होत नाही. चांगला रस्ता झाला की गर्दी येते हे खरं आहे. लोणावळ्याला पावसाळी शनिवार-रविवारी काय होतं ते सगळे जाणतात. राजमाचीलाच मे अखेरीस, पावसाच्या तोंडाशी, झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात. काजवा त्या उजेडाने जोडीदाराला बोलावतो. तिथे गाड्यांचे दिवे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या लावून माणसं उभी राहिली तर काजव्याने बोलवायचं कसं? शिवाय बाटल्या, प्लास्टिक, गाण्यांचा दणदणाट. रस्त्यामागोमाग जमिनीचे दलाल येतात आणि डोंगर कापून बंगले उभे राहतात. ही भीती खोटी नाही.

पण रस्ता असणं आणि त्यावरून कुणीही कसंही येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करू नये. श्रीवर्धनवरून जे माथेरान दिसतं त्याचंच उदाहरण घ्या. तिथे बाहेरच्या मोटारी दस्तुरीला थांबतात. २००३ साली ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं. पण रुग्णवाहिकेला मात्र गावात मुभा आहे. म्हणजे पाहुण्याची मोटार अडते, आजारी माणूस अडत नाही. यालाच मी शहाणपण म्हणतो. पण त्याच माथेरानची दुसरी बाजूही बघा. मोटार नको म्हणून तिथे वर्षानुवर्षं माणसं माणसांना हातरिक्षात बसवून ओढत होती. येणाऱ्यांना ते जुन्या काळचं, गमतीचं वाटायचं. ओढणाऱ्याच्या छातीचं काय होत असेल ते त्यालाच ठाऊक. त्याविरुद्ध उभा राहणाराही एक निवृत्त शिक्षकच. न्यायालयाच्या परवानगीने २०२२ च्या डिसेंबरात तिथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. निसर्ग राखायचा म्हणून माणसाने माणूस ओढायचा, हा हिशेब न्यायालयालाही पटला नाही.

कासच्या पठाराचंही तेच. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारशात घेतल्या, त्यांत महाराष्ट्रातल्या चार. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कासला फुलांच्या दिवसांत रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा घातली, गाड्या लांब उभ्या करायला लावल्या. तिथून जाणारा रस्ता कुणी उखडून टाकला नाही. वर येणाऱ्याला शिस्त लावली.

आणि घरचं उदाहरण सांगायचं तर आमच्या वालूरची बारव. गोल, आणि पायऱ्या चक्राकार उतरत गेलेल्या. अशी बारव फार कमी ठिकाणी बघायला मिळते. कित्येक वर्षं ती गाळाने आणि कचऱ्याने भरलेली होती. २०२१ च्या सुमारास गावकऱ्यांनी अंगमेहनतीने ती मोकळी केली. आता लांबून लोक बघायला येतात. तिचं नुकसान रस्त्याने झालं नव्हतं. गावाची पाठ तिच्याकडे वळली होती म्हणून झालं होतं, आणि गावाने तोंड फिरवलं तेव्हा ती वाचली. जागा वाचते ती तिथल्या माणसांमुळे. ती माणसंच रस्त्याअभावी गाव सोडून गेली तर राजमाचीचं जंगल राखणार कोण? वर्षातून एकदा येणारे?

सरकारी हिशेबातही लहान गाव मागे पडतं. पंतप्रधान ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. चांगली योजना, आमच्या भागात तिचा फायदा डोळ्यांनी पाहिला आहे. पण नियम असा की साधारण भागात पाचशे आणि डोंगरी राज्यं, आदिवासी वा वाळवंटी भाग असेल तर अडीचशे लोकवस्ती लागते. २०१५ साली राज्याने स्वतःची मुख्यमंत्री ग्रामसडक योजनाही काढली. तरी डोंगराच्या कुशीतली चाळीस-पन्नास उंबऱ्यांची वाडी कोणत्याही यादीत शेवटीच असते. तिच्या बाजूने बोलणारे थोडे. अशा वेळी गाड्या घेऊन येणारी, शिकलेली, चार ठिकाणी ओळख असणारी पोरं जर ‘रस्ता नको’ म्हणू लागली, तर मोठा आवाज कुणाचा ऐकला जाईल? मला या गोष्टीची खरी काळजी वाटते. मौजेचं मत लवकर छापून येतं. उचलून नेणाऱ्याला मत मांडायला उसंत नसते.

मग हौस सोडून द्यायची का? मुळीच नाही. डांबरी नसलेले दगड-धोंडे महाराष्ट्रात इतके आहेत की सात पिढ्यांना पुरतील. या हौसेसाठी मुद्दाम राखलेल्या खाजगी जागाही आहेत, तिथे खुशाल चाकं हवेत लोंबकळवा. पण दुसऱ्याच्या वाटेवरून जाताना पाहुण्यासारखं जावं. सड्यांवर वाट सोडून गाडी घालू नये. तिथे मातीचा थर काही जागी जेमतेम बोटभर असतो आणि एका चाकोरीने गेलेलं गवत-फूल पुन्हा यायला वर्षं जातात. २०२२ मध्ये लडाखच्या पँगाँग तलावात गाडी घालून कुणी चित्रफीत काढली, २०२३ च्या डिसेंबरात लाहौलमध्ये वाहतुकीची कोंडी टाळायला एकाने चंद्रा नदीतून गाडी नेली आणि पोलिसांनी दंड केला. असल्या शौर्याला मी ऑफ-रोडिंग म्हणणार नाही. राजमाचीच्या पोरांनी तसं काहीही केलं नाही हे मुद्दाम सांगतो. त्यांनी सावकाशीची विद्या शिकली होती आणि आपला कचरा पिशवीत भरून परत आणला.

त्याच वर्षी ऑगस्टात केरळात महापूर आला. तेव्हा तिथल्या जीपवाल्या गटांनी आपल्या उंच केलेल्या गाड्या पाण्यात घालून माणसं काढली. एरवी ज्यांना लोक उनाड म्हणत तेच रात्रंदिवस फिरले. ती बातमी वाचली तेव्हा मला या विद्येचं मोल कळलं. दगडावर, चिखलात, पाण्यात गाडी सांभाळता येणं ही साधी गोष्ट नाही. आपल्याकडच्या गटांनीही पावसाळ्यातले चार महिने आसपासच्या वाड्यांशी बोलून ठेवायला काय हरकत आहे? एक नंबर देऊन ठेवायचा. अडलेली बाळंतीण, साप चावलेला माणूस, तापाने फणफणलेलं लेकरू, ज्या रात्री कुणी येत नाही त्या रात्री या गाड्या येऊ शकतात. मग तीच वाट, तेच खड्डे, तीच गाडी, पण गावाला ती पोरं आपली वाटतील.

आणि त्याच गावाने उद्या ठराव केला की आम्हाला पक्का रस्ता हवा, तर त्या अर्जावर या पोरांची सही सगळ्यांत वर असावी. तेवढ्याने त्यांची एक वाट कमी होईल. उधेवाडीच्या आजींनी हसत हसत सांगितलेलं मला अजून आठवतं, “रस्ता झाला तर आमी येनार नाय.” माझं उलट म्हणणं आहे. रस्ता झाला की आवर्जून जा, त्याच घरी पिठलं-भाकरी खा, आणि उतरताना ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा.

तुमच्यापैकी ज्यांची पोरं-नातवंडं असल्या गाड्या घेऊन फिरतात त्यांनी हे त्यांना वाचून दाखवावं. ती माझ्याशी भांडली तर मला आनंदच होईल.